गच्चीवर थांबलेले पाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

यंदाच्या पावसाळ्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सपाट छताच्या गळतीविषयी होती. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहे. पाऊस नुकताच संपला आहे आणि भिंतींवरचे ओलीचे डाग अजून दिसत आहेत. दुरुस्तीचा खरा हंगाम जानेवारी ते मे असला, तरी रोगाचे निदान करण्यासाठी आताचे दिवस सर्वांत चांगले, म्हणून ही उत्तरे मेपर्यंत थांबवली नाहीत. पुढे दिलेले दर पुणे-नाशिक भागात मला कामाच्या निमित्ताने जे ऐकायला मिळतात त्यांवरून काढलेले ढोबळ अंदाज आहेत. गावागणिक, मजल्यागणिक आणि मालाच्या प्रतीनुसार ते बदलतात, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

प्रश्न : आमचा बंगला २२ वर्षांचा आहे. गच्ची साधारण १००० चौरस फुटांची असून वर विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर) आणि त्यावर चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) आहे. गेली तीन वर्षे दिवाणखान्याच्या छताला ओल येते आणि पंख्याच्या हुकाजवळून पाणी ठिबकते. तीन ठेकेदारांना बोलावले. एकाने केमिकलचे दोन हात मारून देतो म्हणून ३५ हजार सांगितले, दुसऱ्याने जुन्या कोब्यावर नवा कोबा करण्याचे पावणेदोन लाख, तर तिसऱ्याने सगळे उखडून नव्याने करण्याचे तीन लाख सांगितले. तिघेही दहा वर्षांची हमी देतात. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिघांपैकी कोणी पाणी नेमके कोठून शिरते हे शोधले का, हा पहिला प्रश्न आहे, आणि आपल्या पत्रावरून तसे दिसत नाही. त्यामुळे तिन्ही आकडे तूर्त बाजूला ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

सर्वप्रथम, पंख्याच्या हुकाजवळ पाणी येत असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद करावा आणि वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये. पाणी तेथे उतरते याचा अर्थ ते तेथेच शिरते असा नाही. कोब्याच्या फटीतून आत गेलेले पाणी विटांच्या तुकड्यांमध्ये साठते, स्लॅबच्या पृष्ठभागावरून उताराच्या दिशेने सरकत जाते आणि जेथे स्लॅबमध्ये विजेचा पाइप किंवा हुकाची पेटी बसवलेली असते तेथे त्याला खाली यायला वाट मिळते. शिरण्याची जागा तेथून पंधरा-वीस फूट लांब असू शकते. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ठिबकत राहते, त्याचे कारणही कोब्यात साठलेले हेच पाणी असते.

आता गच्चीवर जाऊन पाहावे. बादली-दोन बादल्या पाणी सगळीकडे ओतून ते पन्हाळीकडे सरळ जाते का ते बघावे आणि दुसऱ्या दिवशी जेथे पाणी उरले असेल त्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढावी. गच्चीला १०० फुटांमागे निदान १ फूट, म्हणजे १० फुटांमागे सव्वा इंच, उतार हवा. त्यानंतर कठड्याच्या पायथ्याशी उकिडवे बसून भिंत आणि जमीन यांच्या सांध्याकडे जवळून पाहावे. तेथे गवंडी जी सिमेंटची गोलाई काढतो, तिच्या वरच्या कडेला बहुधा शेवाळाची काळी रेघ दिसते. त्या रेघेत पोस्टकार्डाची कड सरकवून पाहा. ती आत गेली तर पावसाचे पाणीही तेथून आत जाते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गळत्या या सांध्यात किंवा पावसाचे पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी सापडतात. गच्चीच्या मधल्या भागात क्वचितच. गेल्या वर्षी एका घरी पाइपाच्या तोंडाभोवती इतक्या वेळा सिमेंट लावलेले आढळले की ते तोंड आसपासच्या मोझॅकपेक्षा अर्धा इंच वर आले होते आणि त्याच्याभोवती कायमचे तळे साचत होते. त्या घराने त्याआधी दोनदा संपूर्ण गच्चीला केमिकल मारून घेतले होते.

एवढ्यावर निदान झाले नाही तर पाणी तुंबवून चाचणी करावी. गच्चीचे तीन-चार भाग पाडून, मातीचा किंवा कच्च्या सिमेंटचा तीन इंची बांध घालून, एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी ४८ तास ठेवावे आणि खालून पाहत राहावे. ज्या भागात पाणी भरल्यावर ओल वाढते तो दोषी. टाकीखालचा भाग वेगळा तपासावा, कारण पावसाची समजली गेलेली पुष्कळशी ओल टाकीच्या किंवा सोलर हीटरच्या पाइपाची निघते. एप्रिलमध्येही डाग ओला राहत असेल तर संशय आधी पाइपावर घ्यावा. मोझॅकवर लहान हातोडीने ठोकत गेल्यास जेथे पोकळ आवाज येतो तेथे तुकडे कोब्यापासून सुटले आहेत असे समजावे.

आता खर्च. दोष सांध्यांत आणि पाइपाच्या तोंडाशी असेल, आणि एकूण कोबा घट्ट असेल, तर कठड्याची जुनी गोलाई काढून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यात नवी करणे, पाइपाची तोंडे खाली बसवून पुन्हा बांधणे, मोझॅकच्या फटी भरणे आणि वरून जाळी घालून पांढऱ्या लवचिक ॲक्रिलिक लेपाचे हात देणे, एवढे काम पुरते. ४० बाय २५ फुटांच्या गच्चीला १३० फूट कठडा धरला आणि गोलाईला फुटामागे ८० ते १५० रुपये धरले, तर १० ते २० हजार होतात. तीन पाइपांची तोंडे ६ ते ९ हजारांत होतात. लेप चौरस फुटाला ४० ते ६० रुपयांप्रमाणे ४० ते ६० हजारांत बसतो. म्हणजे साठ ते नव्वद हजारांच्या घरात काम होते. मात्र असा लेप पाच-सात वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे गृहीत धरावे. ३५ हजारांत १००० चौरस फुटांवर केवळ दोन हात मारून मिळणार असतील, तर त्यात फटी आणि गोलाई यांचे काम होणार नाही, आणि रोग तेथेच राहील.

निम्म्याहून अधिक मोझॅक पोकळ वाजत असेल, उतारच चुकलेला असेल, तर उखडण्याला पर्याय नाही. जुना कोबा फोडून खाली उतरवून नेण्यास चौरस फुटाला ४० ते ६०, स्लॅबवर लेप देण्यास ४० ते ५०, नवा कोबा आणि मोझॅक यांना १५० ते २०० असे धरले, तर एकूण २३० ते ३१० रुपये पडतात. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून तिसऱ्या ठेकेदाराचा आकडा अवास्तव नाही. प्रश्न फक्त त्याची गरज आहे का, हा आहे.

जुन्या कोब्यावर नवा कोबा करण्याचा दुसऱ्या ठेकेदाराचा सल्ला मात्र मानू नये, असे मी ठामपणे सांगतो. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरते. १००० चौरस फुटांवर ते १७ ते १८ टन होते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो तिच्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो वावराचा भार धरून स्लॅबची रचना केली जाते. म्हणजे गच्चीवर माणसे आणि सामान यांच्यासाठी राखून ठेवलेली ताकद दुसरा कोबा एकटाच संपवतो, आणि तोही कायमचा वर बसून राहतो. शिवाय खालच्या कोब्यातले पाणी दोन थरांच्या मधे कोंडले जाते.

हमीबद्दल एवढेच सांगतो, की ‘दहा वर्षे’ या शब्दांपेक्षा कराराचा मजकूर महत्त्वाचा. कोणता माल, किती हात, चौरस फुटाला किती किलो, काम झाल्यावर ४८ तास पाणी तुंबवून दाखवणार का, आणि एक पावसाळा जाईपर्यंत बिलाचे १० टक्के रोखून ठेवण्यास तयार आहे का, या गोष्टी लेखी घ्याव्यात. जो ठेकेदार या दोन शेवटच्या अटींना हरकत घेत नाही, त्याचा दर थोडा जास्त असला तरी मी त्याला काम देईन.

प्रश्न : गळणाऱ्या छताला आतून वॉटरप्रूफ रंग लावला तर चालेल का? वरचे काम परवडत नाही.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : चालणार नाही. पाणी वरून दाबत असते, त्यामुळे आतला रंग काही महिन्यांत फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे खालून वाट बंद झाल्याने पाणी स्लॅबमध्ये अधिक काळ मुरत राहते आणि सळया गंजतात. पैसे कमी असतील तर यंदा केवळ कठड्याची गोलाई आणि पाइपाची तोंडे दुरुस्त करून घ्यावीत. आतला रंग छत पूर्ण सुकल्यावर, निदान एक उन्हाळा गेल्यावर, द्यावा.

प्रश्न : २४ सदनिकांच्या आमच्या सोसायटीत मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. गच्ची गळते. समितीचे म्हणणे असे की त्रास तुमच्या मजल्यालाच होतो, तेव्हा खर्च वरच्या चार सदनिकांनी करावा. खालच्या सभासदांचाही वर्गणीला विरोध आहे. इमारत आठ वर्षांची आहे.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : समितीचे म्हणणे बरोबर नाही. गच्ची हे संपूर्ण इमारतीचे छत आहे आणि ती सर्वांच्या सामाईक मालकीची बाब आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (बायलॉजमध्ये) संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी दिलेली आहे. पावसाच्या पाण्याने होणारी गळती तिच्यात स्पष्टपणे येते. इतकेच नव्हे, तर गच्चीतून पाणी झिरपल्यामुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेचे छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. सभासदाच्या स्वतःच्या स्नानगृहामुळे किंवा मोरीमुळे होणारी गळती त्या सभासदाकडे जाते. आपले प्रकरण त्यातले नाही.

खर्चाचा हिस्सा कोण कोणत्या मजल्यावर राहतो यावर ठरत नाही. त्याच उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी हा प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान ०.२५ टक्के या दराने जमा व्हायला हवा. बहुतेक संस्था हे पैसे आठ-दहा वर्षे नीट गोळा करीत नाहीत आणि गळती सुरू झाल्यावर एकदम मोठा आकडा समोर येतो, म्हणून भांडण पेटते. आपल्या गच्चीचे क्षेत्र ४००० चौरस फूट आणि दर १२० रुपये धरला तर ४ लाख ८० हजार होतात, म्हणजे २४ जणांत प्रत्येकी २० हजार. दोन वर्षे दरमहा साडेआठशे रुपये जमा केले असते तरी हे काम कोणाला जाणवले नसते. सर्वसाधारण सभेत हा हिशोब फळ्यावर मांडावा. खालच्या मजल्यांना हेही सांगावे की स्लॅबमध्ये मुरलेले पाणी कॉलम आणि बीममधून खाली येते, आणि तो सांगाडा सर्वांचा आहे. लेखी अर्ज, फोटो आणि अभियंत्याचा अहवाल देऊनही समितीने दखल घेतली नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते.

इमारत पाच वर्षांच्या आतली असती तर मार्ग वेगळा असता. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष लक्षात आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ज्या वाचकांच्या इमारती नव्या आहेत त्यांनी पहिल्याच पावसाळ्यातील ओलीची नोंद तारखेसह लेखी कळवून ठेवावी. तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आम्ही दहा वर्षांपूर्वी कौलारू घर उतरवून चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) स्लॅबचे घर बांधले. केमिकल दोनदा करून झाले. आता सगळे म्हणतात की वर पत्रे घालून टाका. तसे केल्यास गळती कायमची थांबेल का, आणि खर्च किती येईल?
(एक वाचक)

उत्तर : ज्या प्रदेशात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे आपल्या आजोबा-पणजोबांनी उतरते छप्पर का घातले होते, याचे उत्तर आपल्याला दहा वर्षांत मिळाले आहे. जून ते सप्टेंबर गच्ची एकही दिवस पूर्ण सुकत नाही, आणि कोणताही लेप सतत पाण्याखाली राहिला की लवकर थकतो. म्हणून कोकणात स्लॅबवर पत्र्याचे छप्पर हा सल्ला मी योग्यच मानतो, परंतु काही अटींवर.

एक म्हणजे कठडा. चिरा पाणी पितो. कठड्याचा गिलावा तडकलेला असेल तर पत्रे घालूनही कठड्यातून पाणी भिंतीत उतरत राहते. पत्र्याची कड कठड्याच्या बाहेर दीड-दोन फूट आणावी, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील. कठडा आत ठेवून पत्रे त्याच्या आत बसवले, तर तेथे पन्हळ तुंबते आणि आधीपेक्षा जास्त गळते. दुसरी अट वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पत्र्यांची छपरे मोठ्या प्रमाणात उडाली. वारा पत्र्याला खाली दाबतो त्यापेक्षा वर उचलतो. त्यामुळे खांबांची बैठक केवळ कोब्यात खिळे मारून चालत नाही. ती स्लॅबच्या बीमवर, अभियंत्याने ठरवलेल्या बोल्टांनी पक्की हवी, आणि कडेच्या ओळीतील स्क्रू मधल्यांपेक्षा जवळजवळ घ्यावेत. बोल्टासाठी पाडलेली भोके इपॉक्सीने भरून घ्यावीत.

रंगीत पत्रा, लोखंडी सांगाडा आणि मजुरी मिळून चौरस फुटाला २०० ते ३०० रुपये धरावेत. समुद्र जवळ असेल तर सांगाड्याला गंजरोधक थर चांगला हवा, तेथे पैसे वाचवू नयेत. काम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी घ्यावी. चारी बाजू बंद करून खोली केली तर ते वाढीव बांधकाम धरले जाऊ शकते.

प्रश्न : औसा तालुक्यात आमचे पणजोबांच्या काळातील माळवदाचे घर आहे. दोन खोल्या अजून वापरात आहेत. पावसाळ्यात पाणी ठिबकते, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकतो. यंदा आणखी चार इंच माती टाकावी, की मातीवर प्लास्टिक अंथरून सिमेंटचा कोबा करावा?
(एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : दोन्हीही करू नये. हे उत्तर मी इतर सर्व उत्तरांपेक्षा अधिक कळकळीने लिहीत आहे.

माळवद ही आपल्या भागातील फार विचाराने घडलेली रचना आहे. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या किलचनीच्या काड्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. काही भागांत याच कामासाठी खारी माती वापरतात. अशा मातीत क्षार असतात. पाणी पडले की तिचे बारीक कण सुटे होऊन फटी बुजवतात आणि थर आपोआप बंद होतो. उन्हाळ्यात खोली थंड राहते. पण ही माती दरवर्षी थोडी वाहून जाते, म्हणून ती पुन्हा टाकण्याची पद्धत पडली. वाहून गेली तेवढीच टाकायची, हा त्यातला अर्थ होता. गळती वाढली की जास्त टाकायची, ही सवय नंतरची. ती लागली आणि छते वर्षानुवर्षे जड होत गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झाले, हे आपल्या तालुक्यातील कोणालाही सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. एक फूट जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर ते साडेपाच टन होते, आणि ओली झाल्यावर त्याहून जास्त. त्यावर कोबा केला तर वजन आणखी वाढेलच, शिवाय खालची माती श्वास घेऊ शकणार नाही आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजू लागतील. ती बाहेरून दिसत नाहीत, म्हणून धोका मोठा.

करायचे ते असे. आधी एका कोपऱ्यात सळई खुपसून मातीची जाडी मोजावी. ती आठ इंचांपेक्षा अधिक असेल तर जादा माती काढावी. काढताना एकाच बाजूचा ढीग करू नये, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवावी आणि तुळयांखाली टेकू द्यावेत. मग तुळयांची भिंतीतील टोके सुताराकडून टोचून पाहावीत. टोचणी सहज आत शिरली तर ती तुळई बदलावी. त्यानंतर उरलेली मातीही उतरवून किलचनीवर पातळ डांबरी कागद किंवा जाड प्लास्टिक अंथरून त्यावर चार-पाच इंच पांढरी माती उतार देऊन दाबावी, आणि पाण्याच्या पन्हळीचे तोंड भिंतीपासून दीड फूट बाहेर काढावे, कारण पन्हळीचे पाणी भिंतीच्या मातीवर पडत राहिले तर वरचे सगळे काम व्यर्थ जाते. ४०० चौरस फुटांवरील आठ इंच माती उतरवली तर ती सुमारे पावणेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरते. मजुरी, अंथरण आणि नवा थर धरून ३० ते ५० हजारांत काम व्हावे. लाकूड बदलावे लागले तर त्याचा खर्च वेगळा. हे ज्यांना जमत नसेल त्यांनी माती पूर्ण उतरवून हलके पत्रे घालावेत. उन्हाळ्यात उकडेल, पण छत हलके राहील. आणि हे होईपर्यंत त्या खोल्यांत रात्री झोपू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : ठाण्यातील आमची इमारत ३६ वर्षांची आहे. वरच्या मजल्यावरील बाल्कनीच्या छताचे ढलपे पडले आणि गंजलेल्या सळया दिसू लागल्या. मिस्त्री म्हणतो गिलावा करून पीओपीचे छत लावले की झाले.
(एक वाचक)

उत्तर : तसे केल्यास रोग झाकला जाईल आणि वाढत राहील. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते, आणि तोच दाब काँक्रीटला आतून फोडून ढलपे पाडतो. पीओपीच्या वर पुढचे ढलपे साठत राहतील आणि एके दिवशी सगळे एकदम खाली येईल. बाल्कनी एका बाजूने अधांतरी असते, त्यामुळे तेथील उभे राहणे, कुंड्या आणि कपाटे आजच बंद करावीत आणि अभियंता सांगेपर्यंत खालून टेकू द्यावेत.

३० वर्षांहून जुन्या इमारतींनी उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते. आपल्या संस्थेने ती शेवटची कधी केली, हे विचारावे. तपासणीत एक साधी परीक्षा आपणही पाहू शकता. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतात. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होते, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने ज्याची सळईला गंजापासून जपणारी क्षारता गेली आहे ते जसेच्या तसे राहते. गुलाबी रंग सळईच्या आतल्या बाजूलाच दिसू लागला, तर सळईचे संरक्षण संपले असे समजावे. दुरुस्तीत सैल काँक्रीट काढून सळया पूर्ण घासणे, गंजरोधक लेप, जेथे सळई फार झिजली तेथे नवी जोडणे आणि पॉलिमर मसाल्याने थर भरणे, ही कामे येतात. त्यांना चौरस फुटाला २५० ते ४५० रुपये पडतात. परंतु वरून गच्चीचे पाणी बंद केल्याशिवाय हा खर्च करू नये. आधी गच्ची, मग छत, शेवटी रंग, हा क्रम कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये.

प्रश्न : कठड्यातून पिंपळाचे रोप उगवते. दरवर्षी तोडतो, पुन्हा येते.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : वरून तोडल्याने मुळे अधिक जाड होतात. रोप वीतभर असतानाच त्याच्या भोवतीचा गिलावा फोडून मूळ दिसेल तितके ओढून काढावे, उरलेल्या टोकाला तणनाशक लावावे आणि आठवड्याने पॉलिमर मसाल्याने फट भरावी. मूळ बोटाएवढे जाड झाले असेल तर भिंतीचा तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधणे स्वस्त पडते.

प्रश्न : आम्हाला पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचे सोलर बसवायचे आहे. गच्चीला थोडी ओल आहे. आधी सोलर बसवावे की आधी गच्ची करावी? अनुदानाची मुदत जाईल अशी भीती वाटते.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी गच्ची करावी. ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते ही मोठी मदत आहे, परंतु पॅनेल एकदा बसले की ते वीस-पंचवीस वर्षे तेथेच राहणार. त्यांच्याखालच्या सुमारे ३०० चौरस फुटांची दुरुस्ती नंतर करायची झाल्यास सांगाडा काढून पुन्हा बसवण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. फेब्रुवारीत गच्चीचे काम, पाणी तुंबवून चाचणी, आणि त्यानंतर सोलर, असा क्रम ठेवल्यास पावसाळ्याच्या आत दोन्ही होते.

सोलरवाल्याला आधीच सांगावे की कोबा भेदून स्लॅबमध्ये बोल्ट न मारता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवावेत. ठोकळ्यांचे वजन मात्र वाऱ्याच्या हिशोबाने अभियंत्याने ठरवलेले असावे, सोयीसाठी कमी करू नये. ठोकळे गच्चीच्या उताराला आडवे एका ओळीत आले तर त्यांच्यामागे पाणी अडते, म्हणून त्यांच्यामध्ये मोकळी वाट ठेवावी. पाइपाच्या तोंडाभोवती चारी बाजूंनी दोन फूट जागा रिकामी हवी, म्हणजे पावसाळ्यात पाने काढण्यासाठी हात पोहोचेल. केबलचा पाइप कठड्यातून भोक पाडून खाली नेतात. ते भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडायला सांगावे आणि भरून झाल्यावर त्यावर तांब्याभर पाणी ओतून, आतल्या बाजूला हात लावून स्वतः तपासावे.